टॅपेट गप्प झाला की कान टवकारा: शिसेविरहित पेट्रोलवर जुनी गाडी चालवताना

काकांची मार्क टू अ‍ॅम्बेसेडर माझ्याकडे आली तेव्हा तिचे टॅपेट (इंजिनाचे व्हॉल्व्ह, म्हणजे झडपा, उघडणारे भाग) शिवणयंत्रासारखे वाजायचे. वर्षभर शनिवार-रविवारी पुणे-सातारा केलं आणि एके दिवशी लक्षात आलं, आवाज जवळजवळ गेलाय. मी खूश. म्हटलं, सुंठीवाचून खोकला गेला! पुढच्याच महिन्यात खंबाटकीच्या चढावर गाडी तीन सिलिंडरवर आली आणि मागच्या ट्रकवाल्याने हॉर्न वाजवून वाजवून माझा उद्धार केला. साताऱ्याच्या मिस्त्रींनी हेड (इंजिनाचा वरचा, झाकणासारखा भाग) उतरवलं. चौथ्या सिलिंडरचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह (धूर बाहेर सोडणारा) कडेला पापडासारखा करपून तुटलेला, आणि त्याची सीट (व्हॉल्व्ह टेकतो ती गोल कडा) हेडमध्ये इतकी आत गेलेली की नख आडवं फिरवलं तर पायरी लागत होती. मिस्त्री म्हणाले, "साहेब, खोकला बरा झाला नव्हता, घसा बसला होता."

हा लेख त्या घशाबद्दल, म्हणजे शिसेविरहित पेट्रोलवर झिजणाऱ्या व्हॉल्व्हच्या सीटबद्दल आहे. जुनी गाडी नुकतीच घेतली असेल, किंवा घरातलीच पडून असलेली बाहेर काढायची असेल, तर हेड उतरवण्याआधी काय तपासायचं, कशावर पैसे घालायचे आणि कशावर नाही, हे क्रमाने सांगतो.

आधी दोन शब्द शिशाबद्दल

१९२१ साली अमेरिकेत जनरल मोटर्समध्ये थॉमस मिजली यांना सापडलं की पेट्रोलमध्ये टेट्राइथाइल लेड थोडंसं मिसळलं तर इंजिनाचं नॉकिंग (इंधन अवेळी पेटून होणारी ठकठक) थांबतं. ते विष आहे हे तेव्हाही गुपित नव्हतं. खुद्द मिजलींनाच शिशाची बाधा झाली होती. तरी पुढची पन्नास-साठ वर्षं जगभर शिशाचंच पेट्रोल विकलं गेलं. आपल्याकडे १ एप्रिल १९९५ पासून चार महानगरांत नव्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या गाड्यांसाठी शिसेविरहित पेट्रोल मिळू लागलं आणि १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिशाचं पेट्रोल बंद झालं. सगळ्यात शेवटी, २०२१ मध्ये, अल्जीरियाने ते थांबवलं. लहान मुलांच्या मेंदूवर शिशाचा होणारा परिणाम पाहता ते गेलं हे उत्तमच झालं. विमानांच्या १०० एलएल पेट्रोलमध्ये अजून शिसं असतं आणि "थोडं विमानाचं पेट्रोल मिळालं तर?" असं विचारणारा महाभाग प्रत्येक मेळाव्याला भेटतो. त्याच्या नादी लागू नका.

शिसं इंजिनात दोन कामं करायचं. एक, ऑक्टेन, म्हणजे पेट्रोलची नॉकिंग टाळायची ताकद, वाढवायचं. दुसरं काम कुणी मुद्दाम सोपवलेलं नव्हतं, पण आपल्या दृष्टीने तेच महत्त्वाचं. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह लालबुंद तापतो आणि मिनिटाला हजार-दीड हजार वेळा सीटवर आपटतो. तापलेलं लोखंड लोखंडावर आपटलं की कणाकणाने चिकटतं, आणि व्हॉल्व्ह उचलला की ते कण सीटमधून उपटले जातात. उपटलेले कण व्हॉल्व्हला चिकटून राहतात आणि पॉलिश पेपरसारखे सीटलाच घासू लागतात. शिसं जळून त्याचा पातळ थर या दोघांच्या मधे बसायचा, म्हणून हे चिकटणं टळायचं. थर गेला आणि सीट झिजायला लागली.

आता नवख्याला चकवणारी गोष्ट. सीट झिजली की व्हॉल्व्ह हेडमध्ये आणखी आत जातो, म्हणजे त्याची शेपटी तिला वरून दाबणाऱ्या रॉकरच्या जवळ येते. म्हणून टॅपेटची फट, म्हणजे शेपटी आणि रॉकर यांच्यातलं अंतर, वाढत नाही, कमी होते. आवाज कमी होतो. शेवटी फट संपते, व्हॉल्व्ह सीटवर पूर्ण टेकेनासा होतो, उष्णता जायला वाट उरत नाही आणि व्हॉल्व्ह जळतो. गाडी बिघडत असताना आधीपेक्षा छान वाजते. मी फसलो तो इथेच.

पायरी १: तुमच्या इंजिनाला हा प्रश्न आहे का?

खिशात एक लोहचुंबक ठेवा आणि हेडला लावून बघा. चिकटला तर हेड बिडाचं. अ‍ॅम्बेसेडरचं १४८९ सीसीचं बी-सीरिज इंजिन, मॉरिस मायनरचं ए-सीरिज, स्टँडर्ड हेरल्ड, ही सगळी या घरातली. यांच्या सीट हेडच्याच बिडात कापलेल्या असतात. शिशाचा आधार होता तो यांना.

चुंबक चिकटला नाही तर हेड अ‍ॅल्युमिनियमचं. अ‍ॅल्युमिनियम एवढं मऊ की त्यात सीट कापताच येत नाही. वेगळ्या धातूची कडी दाबून बसवावीच लागते. प्रीमियर पद्मिनी म्हणजे आपली फियाट, तिचं हेड असं आहे. अशा गाड्यांना झीज होतच नाही असं नव्हे, पण त्यांच्यासाठी घाई करायचं कारण नाही. १९८३ पासूनच्या मारुती ८०० वाल्यांनी तर हा भाग सोडून थेट इथेनॉलवर यावं.

कुणाकडे जावा, येझदी किंवा राजदूत असेल आणि तो इथवर वाचत आला असेल तर त्याने चहा घ्यावा. टू-स्ट्रोकला व्हॉल्व्हच नाहीत.

आणखी एक प्रश्न स्वतःला विचारा: गाडी चालवता कशी? झीज वेग आणि भार यांच्याबरोबर झपाट्याने वाढते. रविवारी सकाळी देवळात आणि महिन्यातून एकदा लग्नाच्या वरातीत जाणाऱ्या अ‍ॅम्बेसेडरची सीट वर्षानुवर्षं टिकते. तीच गाडी महामार्गावर ताशी ऐंशी-नव्वदने दोन-दोन तास पळवली तर तिचा हिशेब वेगळा. माझा शनिवार-रविवार मला असा नडला.

पायरी २: फिलर गेज आणि एक वही

या पायरीला खर्च जवळजवळ नाही, आणि नव्या मालकाने शिकावं असं याहून मोलाचं काम मला माहीत नाही. हवं फक्त इंचात मोजणारं फिलर गेज (ठरावीक जाडीच्या पात्यांचा जुडगा), रॉकर कव्हरचं नवं गॅस्केट (जुनं निघताना फाटतंच) आणि शाळेची एक वही.

मॅन्युअलमध्ये फट गरम इंजिनावर मोजायची की थंड, ते बघा आणि दर वेळी तसंच मोजा. रॉकर कव्हर काढा. प्लग चारही काढून ठेवा, म्हणजे इंजिन हाताने सहज फिरतं. अ‍ॅम्बेसेडरवाल्यांची चैन ही की पुढून हँडल घालून फिरवता येतं. पुढून मागे व्हॉल्व्ह मोजत गेलात तर १, ४, ५ आणि ८ हे एक्झॉस्ट, २, ३, ६ आणि ७ हे इनलेट.

कुठला व्हॉल्व्ह कधी मोजायचा? नऊची बेरीज लक्षात ठेवा. आठवा व्हॉल्व्ह पूर्ण दाबलेला असेल तेव्हा पहिला मोजायचा, सातवा दाबलेला तेव्हा दुसरा, सहावा तेव्हा तिसरा, असं उलटसुलट. दोघांची बेरीज नेहमी नऊ. अ‍ॅम्बेसेडर आणि मॉरिस मायनर दोन्हींना हे लागू पडतं.

आता महत्त्वाचं. फट दुरुस्त करण्याआधी आहे ती मोजून लिहा. बहुतेक मिस्त्री पान्याने नट सैल करतात, गेज घालतात, घट्ट करतात आणि पुढच्याकडे वळतात. आधी किती होती हे कुणालाच कळत नाही, आणि रोगाचा पुरावा तिथेच पुसला जातो. गेजची पाती क्रमाने घालून बघा, कुठली पाती लोण्यातून सुरी ओढावी तशी हलक्या अडकावाने सरकते ते टिपा. माझ्या वहीत तारीख, किलोमीटर आणि आठ आकडे असतात, बस.

दर हजार-दीड हजार किलोमीटरला हे करा. इनलेटचे आकडे जागच्या जागी आणि एक्झॉस्टचे दर खेपेला दोन-तीन थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) कमी होत असतील, तर सीट आत चालली आहे, दुसरं काही नाही. आकडे हलतच नसतील तर वही मिटा आणि गाडी चालवा. माझ्या ओळखीतल्या निम्म्या लोकांची गोष्ट इथेच संपली, आणि बरंच झालं.

पायरी ३: कॉम्प्रेशन

इंजिन गरम करा, चारही प्लग काढा, इग्निशन कॉइलची वायर सोडा, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून प्रत्येक सिलिंडरचं कॉम्प्रेशन, म्हणजे आत तयार होणारा दाब, गेजवर बघा. एखादा सिलिंडर बाकीच्यांपेक्षा दहा-पंधरा टक्क्यांहून कमी दाखवत असेल तर प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल सोडा आणि पुन्हा मोजा. आकडा वर गेला तर पिस्टनच्या रिंगा गेल्या. तसाच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट.

गेज नसेल तर जुनी युक्ती आहे. गाडी आयडलला ठेवून सायलेन्सरच्या तोंडाशी वर्तमानपत्राचा कपटा धरा. तो एकसारखा बाहेर फडफडला पाहिजे. मधेच आत ओढला जात असेल तर कुठला तरी एक्झॉस्ट व्हॉल्व्ह बसत नाहीये.

पायरी ४: बाटलीतलं औषध

शिशाऐवजी पेट्रोलमध्ये टाकायची औषधं मिळतात. चांगल्या औषधांत फॉस्फरस, सोडियम, पोटॅशियम किंवा मँगनीज यांपैकी एकाचं संयुग असतं आणि ते शिशाच्या थरासारखं काम काही प्रमाणात करतं. ब्रिटनमध्ये १९९९ च्या अखेरीला शिशाचं पेट्रोल बंद होणार म्हटल्यावर तिथल्या जुन्या गाड्यांच्या क्लबांच्या महासंघाने अशा औषधांच्या चाचण्या करून घेतल्या आणि उतरली त्यांनाच मान्यता दिली. तेव्हा औषधात दम नाही असं नाही. फक्त बाटलीवर नेमकं काय आहे ते वाचा, दर टाकीला मोजून टाका आणि एका जातीचं औषध चालू असताना दुसऱ्या जातीचं त्यात मिसळू नका.

ज्या बाटलीवर "इंजिनचं आयुष्य वाढवते" एवढंच लिहिलंय आणि आत काय आहे ते लिहिलेलं नाही, ती दुकानदाराचं आयुष्य वाढवते. पेट्रोलमध्ये टू-टी ऑइल टाकल्यानेही सीट वाचत नाही. ऑक्टेन उतरतं आणि प्लग काळे होतात. डांबराच्या गोळ्या कपाटात शोभतात, टाकीत नाही.

माझं मत विचाराल तर औषध हे तात्पुरतं. वहीतले आकडे हळूहळू घसरत असतील आणि हेड उतरवायला अजून वेळ असेल तर जरूर वापरा. आकडे झपाट्याने घसरत असतील तर बाटल्यांवर पैसे उडवत बसणं म्हणजे आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

पायरी ५: हेड उतरवायचंच ठरलं तर

केवळ शिशाच्या भीतीने चांगलं चालणारं इंजिन उघडू नका. गॅस्केट गेलं, व्हॉल्व्ह जळला, रिंगांसाठी इंजिन खोललं, अशा निमित्ताने हेड बाहेर आलं की त्याच खेपेला एक्झॉस्टला कडक सीट बसवून घ्या. एक्झॉस्टलाच. इनलेट व्हॉल्व्ह दर खेपेला येणाऱ्या गार मिश्रणाने थंड होतो, त्याला गरज नाही. "आठही बदलू, साहेब" असं म्हटलं तर कशासाठी, ते विचारा.

हे काम गल्लीतल्या गॅरेजचं नाही, चांगल्या हेडवाल्याचं. आधी हेडला तडा आहे का ते बघितलं पाहिजे. मग जुनी सीट कापून तिथे खाचा करायचा, तो नव्या कडीपेक्षा किंचित लहान. हेड तापवून आणि कडी बर्फासारखी गार करून ती ठोकून बसवतात. दोघं एका तापमानाला आले की घट्ट पकड बसते. धोका असा की बिडाच्या हेडमध्ये सीटच्या अगदी मागे पाण्याची वाट असते. खाचा थोडा खोल गेला की हेड भंगारात. म्हणून कामाला देण्याआधी मी एकच प्रश्न विचारतो: या जातीचं हेड आधी कापलंय का? उत्तराला वेळ लागला की हेड उचलून परत आणतो.

सीटबरोबर एक्झॉस्ट व्हॉल्व्हही चांगल्या स्टीलचे घ्या आणि गाइड (व्हॉल्व्ह ज्यांत सरकतो त्या नळ्या) सैल असतील तर तेही बदला. सैल गाइडमध्ये व्हॉल्व्ह तिरका बसतो आणि नवी सीटही वर्षात वाया जाते. हेड परत आल्यावर ते उलटं ठेवून, प्लग लावून, चारही चेंबरमध्ये थोडं रॉकेल ओता आणि चहा पिऊन या. पोर्टमधून थेंब गळला तर तो व्हॉल्व्ह पुन्हा पेस्ट लावून घासायचा. हे मिस्त्रीसमोर करा. राग येतो, पण काम नीट होतं.

बोल्ट मधून बाहेरच्या क्रमाने, टॉर्क पान्यानेच. पहिल्या पाचशे किलोमीटरनंतर हेडचे बोल्ट आणि टॅपेट पुन्हा तपासा, आणि वहीत नवं पान सुरू करा.

पायरी ६: ऑक्टेन

आपल्या देशी जुन्या गाड्यांचं कॉम्प्रेशन मुळातच कमी, त्या काळच्या हलक्या पेट्रोलला साजेसं. पंपावरचं साधं पेट्रोल त्यांना भरपूर झालं. महाग पेट्रोल ओतून अ‍ॅम्बेसेडर विमान होत नाही. परदेशी, मोठ्या कॉम्प्रेशनची जग्वार किंवा मर्सिडीज असेल आणि चढावर दाणे उडाल्यासारखा टकटक आवाज येत असेल तर मात्र चढं ऑक्टेन घ्या, तेवढ्याने भागलं नाही तर ठिणगीचं टायमिंग एक-दोन अंश मागे घ्या. हा आवाज दुर्लक्षून पिस्टनला भोक पडलेलं मी पाहिलंय.

पायरी ७: इथेनॉल, म्हणजे आगीतून फुफाट्यात

शिशाचा प्रश्न पंचवीस वर्षांचा जुना. आज जुन्या गाडीला रोज छळतं ते इथेनॉल. २०२२ मध्ये देशात सरासरी दहा टक्के मिश्रण गाठलं गेलं, २०२३ पासून वीस टक्क्यांचं पेट्रोल पंपावर येऊ लागलं आणि २०२५ पर्यंत ते नेहमीचंच झालं. १९७२ च्या गाडीतलं रबर या पाहुण्याला ओळखत नाही. ते फुगतं, मऊ पडतं, मग चिरतं. गाडीतल्या पेट्रोल पंपाचा पडदा (डायफ्रॅम), होज (पेट्रोलच्या रबरी नळ्या), बुचाची गॅस्केटं, सगळ्यांचं हेच.

तुमच्या पेट्रोलमध्ये किती इथेनॉल आहे ते घरी मोजता येतं. उघड्यावर, विडी-काडीपासून लांब, शंभर मिलीच्या खुणा असलेली काचेची नळी घ्या. २० मिली पाणी, वर ८० मिली पेट्रोल. तोंड बंद करून हलवा आणि दहा मिनिटं ठेवा. इथेनॉल पेट्रोल सोडून पाण्यात जातं. खालचा थर २० चा ३६ च्या आसपास गेला, तर ८० मध्ये १६, म्हणजे वीस टक्के. महागड्या पेट्रोलमध्ये इथेनॉल नाही असं कुणी ठासून सांगितलं की वाद घालू नका, नळी काढा.

पहिलं काम, होज. टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतचे सगळे बदला, आतून वायटनचा (इथेनॉल सोसणाऱ्या रबराचा) थर असलेले, एसएई जे३० आर९ छापलेले. नुसता "पेट्रोल पाइप" म्हणून मीटरवर मिळतो तो नको. रबराच्या कारणाने गाडी बंद पडली तर ठीक, पण तापलेल्या एक्झॉस्टवर पेट्रोल ठिबकलं तर गाडीच जाते. दुसरं, पंपाचा पडदा इथेनॉल सोसणाऱ्या मटेरियलचा. तिसरं, टाकी उतरवून धुवा, कारण इथेनॉल तिच्यातला चाळीस वर्षांचा राप सोडवून फिल्टरमध्ये आणून भरतं. सुरुवातीचे काही महिने दोन जादा फिल्टर डिकीत असू द्या.

चौथं, मिश्रण. इथेनॉलला जळायला पेट्रोलपेक्षा कमी हवा लागते, म्हणून कार्बोरेटरच्या त्याच जेटवर (पेट्रोल सोडणाऱ्या भोकावर) वीस टक्क्यांच्या पेट्रोलचं मिश्रण साधारण सात-आठ टक्के पातळ पडतं, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडतं. गाडी दमल्यासारखी चालते, तापते, प्लग पांढरे दिसतात. आणि पातळ मिश्रणाने तापलेल्या एक्झॉस्टची शिक्षा पुन्हा त्या बिचाऱ्या सीटलाच! सोलेक्स कार्बोरेटरच्या जेटवरचा नंबर मिलिमीटरच्या शंभराव्या भागात असतो. ११५ चा काढून १२० चा घातला की भोकाचं क्षेत्रफळ नऊ टक्क्यांच्या आसपास वाढतं, आणि बहुतेक वेळा तेवढं पुरतं. घालून पंचवीस किलोमीटर चालवा, प्लग काढून बघा. टोकाला फिकट चहाचा रंग आला की थांबा.

पावसाळ्यात इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. पाणी फार झालं की इथेनॉल आणि पाणी मिळून टाकीच्या तळाशी बसतं, आणि पंपाचं तोंड नेमकं तिथेच असतं. जून ते सप्टेंबर गाडी झाकून ठेवणार असाल तर टाकी गच्च भरून ठेवा, पंधरवड्याला फिरवून आणा. तेही जमणार नसेल तर सरळ रिकामी करा.

उन्हाळ्यात उलटी तऱ्हा. घाटात पंपातलं पेट्रोल उकळून वाफ होते आणि गाडी उभी राहते. फियाटवाल्यांना हे शिकवायला नको. पंपावर ओलं फडकं टाकायचं आणि दहा मिनिटं थांबायचं. माझ्या डिकीत एक जुना पंचा आणि पाण्याची बाटली कायम असते. हल्ली मी खंबाटकी चढण्याआधीच (लोणावळ्याजवळच्या नव्हे, सातारा जिल्ह्यातल्या) खंडाळ्याला चहाला उतरतो, बॉनेट उघडं ठेवतो आणि टॅपेट वाजतायत ना, ते ऐकून मगच पुढे निघतो.